आषाढी वारीची तयारी: ट्रकमधली पिशवी, खांद्यावरची पिशवी आणि पाय

वारीचे फोटो पाहून तयारी करणारा माणूस पावसाची तयारी करतो. चकचकीत रेनकोट, गमबूट, दोन छत्र्या. मग माळशिरसच्या पुढे, डांबराला हात लावता येत नाही अशा दुपारी, तो तेच ओझं शिव्या घालत वाहतो. आळंदी ते सासवड पाऊस गाठू शकतो. नीरा ओलांडली की फलटण, नातेपुते, माळशिरस हा सगळा पर्जन्यछायेचा पट्टा लागतो. तिथं ढग येतात, वारा सुटतो, दमट उकाडा वाढतो, पण पाऊस पडेलच असं नाही. म्हणून तयारी आधी उन्हाची करा, पाऊस नंतर बघा.

तारखाही बघाव्या लागतात, कारण तिथी पंचांगाने सरकते. ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीचं आळंदीहून प्रस्थान ज्येष्ठ वद्य अष्टमीला असतं. २०२३ साली ते ११ जूनला आलं, २०२४ ला २९ जूनला, २०२५ ला १९ जूनला. २०२३ मध्ये मोसमी पाऊस मुंबईत पोचला तोच २५ जूनला, म्हणजे बरीचशी वाट उन्हातच गेली. प्रस्थान जूनच्या पहिल्या पंधरवड्यात असेल तर मे महिना चालू आहे असं समजून सामान भरा. जूनच्या अखेरीस असेल तर पावसाचं सामान थोडं वाढवा.

पुढचं सगळं आळंदी ते पंढरपूर या वाटेसाठी लिहिलं आहे. देहूहून निघणाऱ्या तुकोबारायांच्या पालखीचा मार्ग लोणी काळभोर, यवत, बारामती, इंदापूर, अकलूज असा वेगळा आहे, पण सामानाचा आणि पायांचा हिशेब तोच.

वाट किती आणि कुठे जड

एकूण अंतर अडीचशे किलोमीटरच्या आसपास. ते समान वाटलेलं नाही, आणि तयारी करताना हेच लक्षात ठेवायचं. आळंदी ते पुणे, मग पुण्यात दोन मुक्काम. त्यानंतर पुणे ते सासवड हा सगळ्यात लांब टप्पा, सुमारे तीस किलोमीटर, आणि शेवटाकडे दिवे घाटाची चढण. पुढे जेजुरी आणि वाल्हे हे तुलनेने आखूड. वाल्ह्याहून नीरा स्नान करून लोणंद. लोणंद ते तरडगाव अगदी छोटा, आठेक किलोमीटरचा, आणि वाटेत चांदोबाचा लिंब इथे पहिलं उभं रिंगण. तरडगावहून फलटण, बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव हे सगळे टप्पे रोज अठरा ते एकवीस किलोमीटरचे, एकामागून एक, मध्ये बहुतेक वर्षी विश्रांतीचा दिवस नाही. शेवटी वाखरी आणि पंढरपूर पुन्हा आखूड.

नवख्यांचे पाय दोन ठिकाणी जातात. पहिलं ठिकाण सासवड. दुसऱ्याच चालीला तीस किलोमीटर आणि घाट, त्यात बहुतेक वर्षी त्या दिवशी ज्येष्ठ वद्य एकादशी, म्हणजे उपास. दुसरं ठिकाण नातेपुते ते वेळापूर. तिथं कुठलाच दिवस फार मोठा नसतो, पण आधीची झीज साचलेली असते आणि ऊन वर चढलेलं असतं.

सुट्टी आठवड्याचीच असेल तर बहुतेक जण पुणे ते सासवड चालून परततात. हौस भागते, पण वारी कळत नाही, आणि सगळ्यात अवघड दिवस तेवढा वाट्याला येतो. आमच्या मते लोणंद किंवा फलटणहून निघून पंढरपूर गाठणं नवख्याला जास्त चांगलं. टप्पे सारखे आहेत, रिंगणं त्याच वाटेवर आहेत आणि दिंडीची रोजची लय अंगात भिनायला सलग दिवस मिळतात.

दिंडी आधी ठरवा, पिशवी नंतर

एकट्याने चालता येतं, पण पहिल्या वर्षी ते टाळा. दिंडीत नाव नोंदवलं की राहुटी, दोन वेळचं जेवण, पाण्याचा टँकर आणि सामान वाहणारा ट्रक याची सोय होते. त्यासाठी दिंडीची भिशी, म्हणजे वर्गणी, भरायची. नोंदणी चैत्र-वैशाखातच करा. ऐन ज्येष्ठात गेलात तर जागा मिळेल कदाचित, पण तंबूच्या दाराशी, जिथून रात्रभर सगळे ये-जा करतात.

दिंडीप्रमुखांना पुढच्या गोष्टी स्पष्ट विचारा: एका राहुटीत किती जण, बायकांची राहुटी वेगळी आहे का, ताट-वाटी आपली आणायची का, ट्रक पहाटे किती वाजता हलतो, माणशी किती सामान चालतं, मोबाइल चार्ज करायला जनरेटर आहे का, पंढरपुरात उतरण्याची सोय कुठे आणि किती दिवस. दिंडीचा क्रमांक आणि ती पालखीच्या रथापुढे चालते की रथामागे, हे पाठ करून ठेवा. रथापुढे सत्तावीस दिंड्या असतात आणि रथामागे त्याहून कितीतरी जास्त. चुकामूक झाली तर तुमचा पत्ता तेवढाच.

ट्रकची वेळ विचारायचं कारण साधं आहे. पालखी निघाली की रस्ता माणसांनी भरतो, म्हणून ट्रक त्याआधीच, अंधारात पुढे काढतात. पहाटे जे ट्रकमध्ये गेलं ते संध्याकाळपर्यंत तुमचं नाही. औषध, कोरडे मोजे, चष्मा, काहीही. सामानाची सगळी आखणी या एका गोष्टीवर उभी आहे.

आठ आठवड्यांची चाल

ताशी पाच-सहा किलोमीटर वेगाने चालण्याचा सराव वारीत फारसा उपयोगी पडत नाही. दिंडी हळू चालते, थांबते, अभंग म्हणत उभी राहते, पुन्हा चालते. वीस किलोमीटरला दिवसाचे दहा-बारा तास जातात. म्हणजे सराव हवा तो पायांवर उभं राहण्याचा, आणि दमलेल्या पायांनी दुसऱ्या दिवशी पुन्हा निघण्याचा.

पहिले दोन आठवडे: आठवड्यातून चार दिवस, रोज चार-पाच किलोमीटर, डांबरी रस्त्यावरच. बागेतल्या मातीच्या वाटेवर केलेला सराव डांबरावर टिकत नाही.

तिसरा-चौथा आठवडा: आठवड्यातल्या मधल्या दिवशी सहा किलोमीटर, रविवारी बारा. वारीत घालणार तीच पादत्राणं, तेच मोजे.

पाचवा-सहावा: शनिवारी बारा, रविवारी पुन्हा दहा. हे सलग दोन दिवस चुकवू नका. शनिवारी कुणीही चालतं. रविवारी सकाळी टाच टेकवताना काय दुखतं, ते खरं कळतं. पाठीवर भरलेली पिशवी घ्या.

सातवा: एक दिवस वीस, दुसऱ्या दिवशी पंधरा, आणि एखादा चढ. पुण्याच्या आसपास राहणाऱ्यांनी दिवे घाटच एकदा चढून बघावा, पहाटे, वाहनं कमी असताना.

आठवा: निम्मं करा. शेवटच्या चार दिवसांत फक्त फेरफटका. राहिलेला सराव शेवटच्या आठवड्यात भरून काढणारे लोक आळंदीला लंगडतच येतात.

उन्हाची सवय वेगळी करावी लागते. दिवसभर एसीत बसणाऱ्याचं शरीर उन्हात उशिरा घाम सोडतं आणि घामातून मीठही जास्त घालवतं. रोज तास-दीड तास उबदार हवेत चाललं की दहा ते चौदा दिवसांत शरीर जुळवून घेतं: घाम लवकर येतो, त्यातलं मीठ कमी होतं, नाडी फार पळत नाही. ही सवय दोन-तीन आठवडे एसीत बसलं की उतरतेही, म्हणून ती प्रस्थानाच्या आधीच्या पंधरवड्यात करा, एप्रिलमध्ये नाही. सकाळी आठ-नऊच्या उन्हापासून सुरुवात करायची. भर दुपारी बारा वाजता मर्दुमकी दाखवायची गरज नाही.

मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, दमा, गुडघ्याचं जुनं दुखणं यांपैकी काही असेल तर महिनाभर आधी डॉक्टरांना दाखवा आणि “रोज वीस किलोमीटर, पंधरा दिवस, उन्हात” असं नेमकं सांगा. “वारीला चाललोय” एवढं ऐकून बरेच डॉक्टर गाडीने जाणं समजतात.

पाय

फोड तीन गोष्टींनी येतो: ओल, उष्णता आणि घर्षण. यातली एक जरी तोडली तरी फोड लांबतो. वारीत ओल तोडणं सगळ्यात सोपं आणि सगळ्यात दुर्लक्षित.

पादत्राणं किमान शंभरेक किलोमीटर वापरलेली असावीत. नवीन बूट घालून निघणं ही सगळ्यात महागडी चूक. जाळीदार, हलके बूट नेहमीच्या मापापेक्षा अर्धा ते एक नंबर मोठे घ्या, कारण दिवसभर चालून पाय सुजतो. बूट घ्यायला संध्याकाळी जा. चामडी बूट आणि जाड वॉटरप्रूफ बूट नकोत. एकदा आत पाणी शिरलं की ते दोन दिवस वाळत नाहीत. बुटांच्या जोडीला मागे पट्टा असलेली सँडल. चिखलात, पावसात सँडल, कोरड्या रस्त्यावर बूट, असा बदल ठेवला तर पायाच्या एकाच जागेवर रोज ताण येत नाही. अंगठ्याच्या बोटात अडकणारी स्लीपर फक्त मुक्कामावर. तिच्यात बोटं सतत आवळून धरावी लागतात आणि दोन दिवसांत पोटऱ्या आणि नडग्या भरून येतात.

नवस म्हणून अनवाणी चालायचं असेल तर सरावही अनवाणीच हवा, दोन महिने, थोडा थोडा वाढवत. दुपारी रस्त्याच्या कडेची पांढरी पट्टी डांबरापेक्षा कमी तापते, पण ओली झाली की तीच घसरते. मधुमेह असणाऱ्यांनी अनवाणी चालू नये. तळपायाची जाणीव कमी झालेली असते आणि खिळा घुसला तरी संध्याकाळपर्यंत कळत नाही.

नखं आठवडाभर आधी सरळ कापा, कोपऱ्यात खोल नाही. निघायच्या आदल्या दिवशी कापली तर कडा टोचतात, वाढलेली ठेवली तर दिवे घाटानंतर अंगठ्याचं नख काळं पडतं.

सकाळी: पाय पूर्ण कोरडे. जिथं सरावात लाली आली होती तिथं (टाचेची मागची बाजू, करंगळी, चवड्याखाली) कापडी सर्जिकल टेप सुरकुती न पडता लावा. जिथं टेप बसत नाही, बोटांच्या मध्ये, तिथं व्हॅसलीनचा पातळ हात. टेपच्या जागी व्हॅसलीन लावू नका, टेप निघून येते. मोजे घामाचे पाणी न धरणारे, सिंथेटिक मिश्रणाचे. शुद्ध सुती मोजा घाम शोषतो आणि धरून ठेवतो, मग ओल्या फडक्याने दिवसभर पाय घासल्यासारखं होतं. दुपारच्या विसाव्याला मोजे बदलायचेच. काढलेली जोडी पिशवीला बाहेरून सेफ्टी पिनेने लावा, चालता चालता वाळते.

कुठेही चुरचुरलं की तिथेच थांबा आणि टेप लावा. “मुक्कामावर बघू” म्हटलं की मुक्कामावर फोडच बघावा लागतो. फोड आलाच आणि लहान असेल तर फोडू नका, कडेने कापसाची चकती ठेवून वरून पट्टी लावा. मोठा, टेकवता येत नाही असा असेल तर हात धुवा, फोडावर बेटाडिन लावा, निर्जंतुक सुईने कडेला दोन छिद्रं पाडा, पाणी दाबून काढा, वरची कातडी तशीच ठेवा, मलम आणि पट्टी. सुई-दोरा ओवून दोरा आत ठेवायची जुनी पद्धत वाटेवर सर्रास दिसते. त्या दोऱ्यावरून चिखलातले जंतू आत जातात. ती करू नका, दुसऱ्याने आग्रहाने केली तरी. मधुमेह असेल तर फोड स्वतः फोडायचाच नाही, आरोग्य पथकाकडे जायचं.

मांड्या काचणं हा फोडाइतकाच त्रास आहे, फक्त लोक सांगत नाहीत. पुरुषांनी आत गुडघ्याच्या वरपर्यंत येणारी घट्ट चड्डी आणि वर धोतर किंवा पायजमा घालावा. बायकांनी साडीखाली किंवा ड्रेसखाली तशीच सुती-लायक्रा चड्डी. सकाळी व्हॅसलीन, दुपारी पुन्हा एकदा. संध्याकाळी धुऊन, कोरडं करून साधी पावडर. लाल चट्टे कडेने वाढत जाऊन खाजायला लागले तर ती बुरशी, तिथं व्हॅसलीन थांबवा आणि पथकाकडून बुरशीचं मलम घ्या.

रस्ता मध्ये उंच आणि कडेला उतरता असतो. सगळा दिवस एकाच कडेने चाललात तर त्या बाजूचा घोटा आणि दुसरा गुडघा बोलायला लागतो. दिंडीच्या ओळीत रोज बाजू बदला.

ट्रकमधली पिशवी

आठ किलोच्या वर नको. चाकांची सूटकेस नको: चिखलात चाकं निकामी, आणि ट्रकमध्ये तिच्यावर वीस वळकट्या पडल्या की कडा फुटतात. मऊ कापडी बॅग घ्या, आतलं सगळं जाड प्लास्टिकच्या पिशवीत भरा आणि बॅग खताच्या स्वच्छ गोणीत घाला. ताडपत्री कितीही बांधली तरी ट्रकच्या तळाशी पाणी येतं. गोणीवर दोन्ही बाजूंनी ऑइल पेंटने नाव, दिंडी क्रमांक आणि मोबाइल नंबर लिहा. मार्करची शाई तिसऱ्या दिवशी जाते. पांढऱ्या गोण्या शेकड्याने असतात, म्हणून तोंडाला भडक रंगाची चिंधी बांधा, अंधारात बॅटरीच्या उजेडात सापडते.

अंथरुणात खाली तीन बाय सहा फुटांची प्लास्टिकची ताडपत्री, त्यावर पातळ सतरंजी, एक चादर. उशी नको, कपड्यांची घडी पुरते. कपडे तीन जोड, अंगावरचा धरून. पातळ कापडाचे, कारण जाड सुती कापड ढगाळ हवेत रात्रभरात वाळत नाही आणि जीन्स तर तिसऱ्या दिवशी वास मारते. आतले कपडे पाच, मोजे चार जोड. टर्किश टॉवेलऐवजी दोन पंचे. टँकरखाली उघड्यावर अंघोळ करावी लागते, म्हणून पुरुषांना लुंगी, बायकांना जुना परकर किंवा गाऊन.

बाकी: स्टीलचं ताट, वाटी, पेला, एक तांब्या किंवा मग (शौचाला आणि अंघोळीला वेगवेगळा असला तर बरं), अंगाचा साबण, धुण्याची वडी, पाच मीटर नायलॉनची दोरी, दहा चिमटे, डोक्याला बांधायची बॅटरी, डास पळवायचं मलम, सँडल, जुनी वर्तमानपत्रं. वर्तमानपत्रं ओल्या बुटांत बोळे करून कोंबायला लागतात. दोन तासांनी बोळे बदलले तर सकाळपर्यंत बूट घालण्याजोगे होतात.

औषधांचा मोठा साठा या बॅगेत, पण सगळा नाही. दोन दिवसांपुरता खांद्यावर. एखाद्या रात्री ट्रक कोंडीत अडकून उशिरा येतो.

खांद्यावरची पिशवी

पाण्यासकट तीन किलो. ही मर्यादा आहे, सल्ला नाही. एका खांद्यावरची शबनम दिसायला छान, पण चौथ्या दिवशी मान एका बाजूला ओढते. दोन पट्ट्यांची छोटी सॅक घ्या, टाळ वाजवायला हातही मोकळे राहतात. आत काय:

- एक लिटरची बाटली, ओआरएसची दोन पाकिटं
- राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाण्याची चिक्की किंवा गूळ-शेंगदाणे, मूठभर
- पायांची डबी: टेप, छोटी कात्री, व्हॅसलीन, बेटाडिन, दोन निर्जंतुक सुया, कापूस, चार पट्ट्या, क्रेप बँडेज
- दोन दिवसांची औषधं, चिठ्ठीची झेरॉक्स
- कोरडे मोजे एक जोड, बंद होणाऱ्या प्लास्टिक पिशवीत
- उपरणं किंवा गमछा, टोपी
- पाँचो किंवा प्लास्टिकचं इरलं
- बसायला दोन फुटी प्लास्टिकचा तुकडा
- साबणाची चकती, बॅटरी, पॉवर बँक
- आधारची झेरॉक्स, सुट्टे पैसे
- हरिपाठाची छोटी पोथी

पाँचो का, रेनकोट का नाही? रेनकोटच्या आत घाम साचतो आणि तासाभरात पावसाशिवायच भिजायला होतं. पाँचो खालून मोकळा, पिशवीसकट झाकतो, थांबल्यावर अंथरताही येतो. छत्रीचं काय? फलटणच्या पुढच्या उघड्या रस्त्यावर, गर्दीबाहेर चालताना छत्रीइतकी सावली दुसरं काही देत नाही. पण दिंडीत, टाळकऱ्यांच्या रांगेत ती डोळ्यांत जाते. नेलीच तर तीन घडीची न्या आणि ओळीत मिटून ठेवा.

सोनं घरी ठेवा. तुळशीमाळ पुरते.

पाणी आणि मीठ

उन्हात चालताना तासाला अर्धा ते पाऊण लिटर, घोट घोट. तहान लागेपर्यंत थांबून मग एका दमात लिटरभर पिणं चुकीचं. तितकंच चुकीचं म्हणजे दिवसभर नुसतं साधं पाणी ढोसत राहणं: घामावाटे मीठ जातं, पाणी तेवढं भरतं, रक्तातलं सोडियम पातळ होतं. डोकं दुखतं, मळमळतं, बोटं सुजतात, आणि लोक त्याला ऊन लागलं समजून आणखी पाणी पाजतात. दर दोन-तीन बाटल्यांमागे एक मीठ-साखरेची हवी. ताक, लिंबू सरबत मीठ घालून, कोकम सरबत, हे सगळं चालतं. रक्तदाबामुळे मीठ कमी करायला सांगितलं असेल तर हे प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

ओआरएसचं पाकीट पूर्ण एक लिटरमध्येच. अर्ध्या बाटलीत अख्खं पाकीट टाकलं तर ते घट्ट द्रावण जुलाब वाढवतं. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. सकाळी केलेलं दुसऱ्या दिवशी टाकून द्या. लघवी फिकट पिवळी हवी. गडद झाली, किंवा सकाळपासून झालीच नाही, तर सावलीत बसा आणि पीत राहा.

पाण्याची जागा बघून घ्या. दिंडीचा टँकर, शासनाचा टँकर बरा. शंका असली तर मेडिकलमधल्या क्लोरीनच्या गोळ्या किंवा थेंब, पाकिटावरच्या मापाने, आणि अर्धा तास थांबून मगच प्यायचं. गढूळ पाणी आधी चौपदरी कापडातून गाळा, कारण गढूळपणातच क्लोरीन खर्च होतं. वाटेवर गावोगाव लोक मायेने खाऊ घालतात. गरम, समोर शिजलेलं खा. कापून ठेवलेली फळं, बर्फाचा गोळा, उसाच्या रसातला बर्फ हे टाळा. वारीत माणूस पायांपेक्षा पोटाने जास्त आडवा होतो.

एकादशीच्या दिवशी, म्हणजे नेमका दिवे घाट असतो तेव्हा, साबुदाण्याची तेलकट खिचडी पोटभर खाऊन चढायला लागू नका. थोडं थोडं, चार वेळा: केळी, राजगिरा लाडू, शेंगदाणे, शिंगाड्याची पेज, आणि उपासाला चालणारं सैंधव घातलेलं ताक. निर्जळ उपास त्या दिवशी करू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी त्या दिवसाचा डोस आधीच डॉक्टरांकडून लिहून आणावा. इन्सुलिन ट्रकमध्ये टाकू नका. ओल्या कापडात गुंडाळलेल्या छोट्या मातीच्या भांड्यात किंवा पाणी शोषणाऱ्या पाऊचमध्ये, सॅकच्या मध्यभागी ठेवा.

दुखण्यावर मिळेल ती गोळी खाऊ नका. शरीरात पाणी कमी असताना डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन रोज घेतली तर मूत्रपिंडावर ताण येतो. पॅरासिटामॉल चालते, तीही मापात. लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी चालू असेल तर तेही डॉक्टरांशी बोलून या.

ऊन लागण्याच्या दोन पायऱ्या ओळखा. चक्कर, भरपूर घाम, पेटके, मळमळ: सावली, कपडे सैल, ओला पंचा, ओआरएस, आणि त्या दिवशीची चाल बंद. दुसरी: माणूस असंबद्ध बोलतो, दिशा चुकतो, अंग भाजतं, कोसळतो. यात घाम असूही शकतो, त्यावर जाऊ नका. १०८ ला फोन लावा किंवा मार्गावरच्या आरोग्य पथकाला बोलवा, आणि ते येईपर्यंत अंगावर पाणी ओतून वारा घाला. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालायचं नाही.

बायकांसाठी वेगळं

सगळ्यात मोठा धोका पाणी कमी पिण्याचा. वाटेवर आडोसा नाही म्हणून सकाळपासून पाणीच प्यायचं नाही, आणि तिसऱ्या दिवशी लघवीची जळजळ, ताप. ‘निर्मल वारी’ या स्वच्छतेच्या उपक्रमाची फिरती शौचालयं मुक्कामाच्या गावी असतात, मधल्या वाटेवर कमी. उपाय असा: चार-पाच जणींचा गट करा, दोघींनी चादर धरायची. घेरदार परकर किंवा सैल कुर्ता असला की आडोसा निम्मा झालाच. पाळी त्या दिवसांत येणार असेल तर पॅड नेहमीपेक्षा दीडपट, कागद आणि काळ्या पिशव्या बरोबर. पाळी लांबवायच्या गोळ्या मैत्रिणीकडून घेऊन खाऊ नका, त्या प्रत्येकीला चालत नाहीत.

रोजचा क्रम

पहाटे तीन-साडेतीनला उठलात तर शौचालय आणि अंघोळ रांगेशिवाय होते, पाचला उठलात तर तासभर रांग. आधी वळकटी, मग अंघोळ: ट्रक तुमच्यासाठी थांबत नाही. पाय बांधणं निवांत, बसून. विसाव्याला बूट-मोजे काढून पाय पिशवीवर उंच ठेवा, दहा मिनिटं तरी. मुक्कामावर पोचल्यावर आधी पाय धुवा, बोटांच्या मध्ये कोरडे करा, बॅटरीच्या उजेडात तळवा तपासा, मग चहा. रात्री पोटऱ्यांना तेल चोळायला हरकत नाही. सकाळी तळव्यांचं तेल मात्र साबणाने काढा, नाहीतर मोज्यात पाय घसरतो आणि टेपही चिकटत नाही.

मोठ्या मुक्कामांवर मोबाइलचं नेटवर्क बसतं. म्हणून भेटायची जागा रोज सकाळीच तोंडी ठरवा, आणि घरच्यांचे दोन नंबर कागदावर लिहून खिशात ठेवा. आजोबा-आजींच्या गळ्यात नाव, गाव, दिंडी क्रमांक आणि नंबर असलेलं लॅमिनेट केलेलं कार्ड घाला. रिंगणाला घोडा धावल्यावर लोक मातीसाठी मैदानात घुसतात. लहान मूल किंवा वयस्कर माणूस बरोबर असेल तर मागे, कडेला बसा.

पंढरपुरात

परतीचं आधीच ठरवून ठेवा. एकादशीच्या संध्याकाळी आणि द्वादशीला एसटीला सगळ्यात जास्त गर्दी असते. एक दिवस मागे राहता आलं तर राहा. पदस्पर्श दर्शनाच्या रांगेत बरेच तास जातात, म्हणून फोड आलेल्या पायांनी त्या रांगेत उभं राहण्याऐवजी बरेच जुने वारकरी नामदेव पायरी आणि कळसाचं दर्शन घेऊन निघतात. उघड्या जखमा असतील तर चंद्रभागेत गुडघाभर उतरू नका, काठावरच पाणी डोक्याला लावा आणि नंतर पाय स्वच्छ पाण्याने, साबणाने धुवा.

ट्रकमधली पिशवी मात्र पोचल्याबरोबर ताब्यात घ्या. काही दिंड्यांचे ट्रक एकादशीलाच रिकामे होऊन परत फिरतात, आणि खताची गोणी गावाकडे आणि तुम्ही चंद्रभागेच्या वाळवंटात, असं व्हायला वेळ लागत नाही.